यंदा काही खास नाही

संग्रामपूर,
१२ जानेवारी २०२५

अनु,

आशीर्वाद आधी घे, मग दार लाव आणि मग वाच. तू म्हणशील, मामाला फोन नाही का? आहे. पण माझे कान तुला माहीत आहेत. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की अर्ध्या गल्लीला ऐकू येतं. व्हॉट्सअॅप म्हणशील तर माझा मोबाईल या घरात माझ्याखेरीज सगळ्यांच्या हातात असतो. आणि ही गोष्ट गल्लीत जाता कामा नये. म्हणून पोस्टाचं तिकीट.

तर ऐक. वानकाठ फूड्स विकली जाते आहे. आपला गावाबाहेरचा कारखाना, संत्र्याचा रस काढतो तो. नागपूरची एक मोठी कंपनी मालकाचा हिस्सा घेते आहे, आणि कायदा असा की तिनं आम्हा बारक्या भागधारकांनाही विचारलंच पाहिजे, तुमचे शेअर देता का? देणाऱ्याला शेअरमागे दीडशे रुपये. बाजारात आज भाव एकशे अठ्ठावीस आहे. हरिओम त्याच्या कृषी केंद्रात बसून दिवसभर मोबाईलवर तोच पाहतो आणि युरिया मागणाऱ्याला पोटॅश देतो. गावात ज्याच्या घरी पाच-पन्नास शेअर निघाले तो आज शेठ झाला आहे.

आपल्याकडे सहा हजार आहेत हे तुला, मला आणि तुझ्या मामीलाच ठाऊक. कारखान्याला वावर दिलं तेव्हा बाबांनी अर्ध्याचे पैसे घेतले आणि अर्ध्याचे शेअर. तेव्हा गाव त्यांना हसलं होतं. परवाच्या दिवाळीत तू त्या कागदांचं डीमॅट करून दिलंस, तोवर मीही त्यांना कागदच समजत होतो.

आता मुद्द्याचं बोलतो. गुलाबराव कालव्याकाठचा एकर विकायला काढतो आहे, विहिरीसकट, बारा लाखांना. तुझी मामी वीस वर्षं दुसऱ्यांच्या रोपवाटिकांत जाऊन संत्र्याची कलमं बांधते. तिच्या हाताला गुण आहे, हे तालुका सांगतो. आपली स्वतःची रोपवाटिका असावी असं ती एकदा म्हणाली होती, आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत. मी काही बोललो नाही, आणि तिनं परत विषय काढला नाही. दीडशेनं आपले नऊ लाख होतात. वरच्या तिनासाठी तिची पोत आणि गोफ मोडावा लागेल. विचारलं तर म्हणते, "मोडा ना. गळ्यात घालून कुठी जा लागते मले?"

कंपन्यांची खरी किंमत काढायचं तुझं काम. लोक तुला त्याचा पगार देतात, मी संत्री देईन. दीडशे हा भाव झाला. किंमत किती ते तू सांग.

तुझा मामा,
उकंडराव


पुणे,
१९ जानेवारी

मामा, नमस्कार.

दार लावलं, कडीही घातली. मंजुश्री, माझ्यासोबत राहते ती, दोनदा विचारून गेली की एवढं कुणाचं पत्र आलं. मी काही सांगितलं नाही. पण खरं सांगते, ऑफिसात मोठमोठ्या कंपन्यांच्या किमती काढताना मी एवढी कधी घाबरले नव्हते. वानकाठच्या फाटकासमोरून मी लहानपणी नाक दाबून गेलेय. त्या कारखान्याची किंमत काढायची आणि त्यावर मामीची रोपवाटिका उभी राहायची, म्हणजे काय गंमत आहे का?

तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे. व्यापारी तुमच्या बगिच्यात येतो आणि झाडावरचा माल उक्ता मागतो, तेव्हा तो एकाच बहाराचे पैसे बोलतो. पण तुम्ही बगिचाच विकायला काढलात तर? मग झाडं अजून किती वर्षं फळतील, पाणी टिकेल का, कोळशीचा रोग येईल का, हे सगळं बघावं लागतं. आणि पाच वर्षांनी येणाऱ्या फळाला आज कुणी पूर्ण पैसे देत नाही. जितकं फळ लांबचं, तितकी त्याची आजची किंमत कमी. मी दिवसभर हेच करते, फक्त झाडांच्या जागी कंपन्या असतात. भाव मात्र बाजार रोज ओरडून सांगतो, आणि ओरडणाऱ्याला घाई असते.

कंपनीचा अहवाल वाचला. गेल्या वर्षी शेअरमागे नऊ रुपये नफा. नवं शेड बांधलं, त्यात रस काढायची दुसरी लाईन "लवकरच" सुरू होणार, असं लिहिलंय. पुढचा हिशेब कंपनी मे महिन्यात सांगेल आणि तुमची मुदत मार्चच्या तीन तारखेला संपते. म्हणजे सगळं त्या शेडवर अडलंय. दुसरी लाईन चालू झाली असेल तर दीडशे कमी आहेत, नसेल तर भरपूर आहेत.

मामा, तुम्ही एक करा. फाटकासमोर दोन-चार दिवस बसा. फळांच्या गाड्या किती येतात, नव्या शेडमध्ये काम दिसतं का, पाळ्या किती चालतात, एवढं पाहून कळवा. पण आतल्या कुणाला काही विचारू नका, तो गुन्हा होतो. रस्त्यावरून दिसतं ते सगळ्या जगाचं.

तुमची,
अनु


संग्रामपूर,
२७ जानेवारी

अनु,

तुझ्या मामाला तू सीआयडीत भरती केलंस. रामरावाचं हॉटेल फाटकाच्या बरोबर समोर आहे. तीन दिवस तिथं गेलो. बाकावर बसायला जागा मिळाली नाही, उभ्यानंच चहा प्यालो. तुझ्या मामीला सांगितलं की बँकेत काम आहे. ती म्हणाली, "बँक रामरावानं काढली वाटते."

तर माझं पाहणं असं. यंदा काही खास नाही. गाड्या म्हणशील तर आठ-दहा येत असतील दिवसाला. नवं शेड आहे, पत्रे चमकतात, पण आत काय चालतं कोण जाणे. मला तर थंडच वाटलं. पाळी एकच असावी. यथातथाच चाललंय म्हण. रस्ता ओलांडायला वेळ लागतो तेवढंच वाईट, वाहनं फार वाढली आहेत.

आपल्या बगिच्याचंही तसंच. मृग बहार धरला होता, पण काही खास नाही. तरी संत्र्याचा व्यापारी शालिग्राम, त्याच्या गाडीसोबत एक पेटी पाठवतो आहे. गोड लागली तर सांग.

आता तुझा आकडा येऊ दे. रात्री झोप येत नाही. कुशीवर वळलो की एकशे अठ्ठावीस, दुसऱ्या कुशीवर दीडशे.

मामा


पुणे,
३ फेब्रुवारी

मामा,

तीन दिवस सुट्टी घेतल्यासारखं ऑफिसचं काम बाजूला ठेवून तुमचं गणित केलं. वेगवेगळ्या तऱ्हेनं चारदा केलं. नवी लाईन बंद, एक पाळी, आठ-दहा गाड्या, म्हणजे नफा गेल्या वर्षीएवढाच राहील, कदाचित थोडा कमी. माझ्या हिशेबानं एका शेअरची खरी किंमत एकशे दहा ते एकशे पंचवीसच्या मध्ये बसते.

म्हणजे नागपूरवाले जास्त देत आहेत. ते का देतात ते त्यांना ठाऊक, पण आपण दोन्ही हातांनी घ्यावं. देऊन टाका मामा. सोळा तारखेला शेअर घेणं सुरू होतंय, त्यानंतर नांदुऱ्याला आपल्या ब्रोकरकडे जा आणि सगळे सहा हजार द्या. एकदा दिले की परत घेता येत नाहीत, पण परत घ्यायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं आकडा मोठा येईल आणि मामीचं सोनं वाचेल. मोडण्याआधी एकदा माझ्याशी बोला, माझ्याकडे थोडे आहेत.

संत्री मिळाली. यंदा काही खास नाही म्हणता आणि फळ माझ्या मुठीत मावत नाही! मंजुश्रीनं एका बैठकीला सहा खाल्ली.

अनु


संग्रामपूर,
१५ फेब्रुवारी

अनु,

तू सांगितलंस म्हणजे ठरलं. येत्या शुक्रवारी, एकवीस तारखेला, मी आणि तुझी मामी नांदुऱ्याला जातो. आधी ब्रोकर, मग सराफ. तुझे पैसे तुझ्याकडेच ठेव, भाचीचे पैसे घेऊन मला कोणत्या तोंडानं जेवण जाईल? मामीनं पोत काढून डब्यात ठेवली आहे. काल कलमाच्या खुंटासाठी जंबेरीचं बी कुठं स्वस्त मिळतं ते विचारत होती. मी तुला सांगतो, मी आतून नाचतो आहे.

गंमत ऐक. परवा शालिग्राम बगिचा पाहायला आला. व्यापारी पक्का. विचारतो, "काय म्हन्ते भाऊ बगिचा?" मी म्हटलं, "काही खास नाही बा यंदा. पाच टन निंघतीन, लय झालं तर." त्यानं एक चक्कर मारली, दोन झाडं हलवली आणि आठ टनांचे पैसे बोलला. म्हणाला, "तुमी पाच म्हन्ता म्हनजे मी आठ धरतो. मालक कधी खरं सांगते का भाऊ?" आम्ही दोघंही हसलो. आता आपल्या फळाचा खरा आकडा कोणी आपल्या तोंडानं सांगतो का? झाडाला नजर लागेल. बाबा तर टोपली भरलेली असली तरी म्हणायचे, अर्धी आहे.

शेवटी साडेसात टनांवर सौदा झाला. रामरावाच्या हॉटेलात पार्टी द्यायची होती, पण तिथं ट्रकवाल्यांची अशी गर्दी की पाणीही मिळेना.

मामा


पुणे,
१९ फेब्रुवारी

मामा,

शुक्रवारी नांदुऱ्याला जाऊ नका.

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देते आहे. मघाशी फोन केला होता, तुम्ही "हो हो, मजेत" म्हणालात आणि ठेवलात. तुम्हाला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

मला फक्त एवढं सांगा. आठ-दहा गाड्या हा आकडा तुम्ही पाहून लिहिलात, की शालिग्रामला पाच टन सांगितलेत तसा लिहिलात? तुमच्या "काही खास नाही"ची पेटी मी खाल्ली आहे. ज्या हॉटेलात ट्रकवाल्यांमुळे पाणी मिळत नाही, त्याच्या समोरच्या फाटकात आठच गाड्या कशा जातील? शेअर तुमचे, म्हणजे कारखाना तुमचा. मामा, तुम्ही कारखान्याला नजर लागू नये म्हणून मला आकडा कमी सांगितलात ना? आणि मी शहाणी, शालिग्रामला जे कळतं ते मला कळलं नाही. तुमच्या आकड्यावर चार तऱ्हेची गणितं रचत बसले.

रागावले नाहीये. हसूच येतंय. खरं काय ते लगेच लिहा.

अनु


संग्रामपूर,
२० फेब्रुवारी

अनुले वच्छलामामीचा आशीर्वाद.

मी बोलतो तसंच लिहितो, हासू नको. तुह्या मामाच्यानं आकडा लिहिनं होत नाही. सकायपासून चार कागद फाडले. पेन टेकवते आन म्हन्ते, "हात येत नाही वं." मी म्हनलं, आना इकडं. शेअर तुमच्या नावानं हायेत, माह्या नावानं नाही. माह्या हातानं कशी लागन नजर?

मी रोज त्याच रस्त्यानं कामाले जातो. गाड्या आठ-दहा नाहीत. सकायी लाइन नाल्याच्या पुलापर्यंत असते, वापस येतो तवा बी असते. मोजल्या नाही, पन तिसाच्या खाली नसतीन. दिवायीपासून असंच हाय. नवं शेड थंड नाही, त्याचं धुराडं जुन्यापेक्षा जास्त धूर फेकते. पाळ्या दोन चालतात. शेजारच्या रेणुकाची सून दुसऱ्या पाळीले जाते, हे साऱ्या गल्लीले माहीत हाय. तिले मी आतलं काही इचारलं नाही, तू नाही म्हनलं होतं म्हून.

मले आधी इचारलं असतं तर आधीच सांगतलं असतं. पन मले बँकेचं काम सांगून गेले.

उद्याचं नांदुरा रद्द केलं. पोत पुन्हा गळ्यात घातली, सवय होती त्याची.

तुही मामी


पुणे,
२३ फेब्रुवारी

मामी, मामा,

मामी, तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथंच मोठ्यानं हसले. वॉचमन धावत आला.

आता नीट ऐका. दुसरी लाईन दोन पाळ्यांत चालते आहे असं धरून पुन्हा केलं. गाड्या वाढल्या म्हणून नफा तेवढाच वाढतो असं नाही, फळ महाग घेतलं असेल, रस स्वस्त गेला असेल. म्हणून प्रत्येक ठिकाणी हात आखडता धरला. तरी शेअरची किंमत दोनशेच्या खाली जात नाही. दोनशे ते दोनशे तीस. नागपूरवाल्यांनीही याच रस्त्यावरून पाहिलं असणार.

आनंद झाला ना? मलाही झाला. आता त्यात थोडं पाणी घालते, कारण ते माझं काम आहे. दोनशे ही माझ्या मते किंमत आहे, भाव नाही. बाजार ती कधी मान्य करेल याचा नेम नाही. कदाचित वर्षं जातील. ऑफर संपली की भाव खाली येईल, शंभरावर आला तरी घाबरायचं नाही. नवा मालक कारखाना कसा चालवेल हेही मला माहीत नाही. आणि गुलाबराव तुमच्यासाठी थांबणार नाही.

पहिल्यांदा मी "देऊन टाका" असं ठासून लिहिलं होतं. या वेळी ठरवणार तुम्ही दोघं. तीन मार्चपर्यंत वेळ आहे.

अनु


संग्रामपूर,
६ मार्च

अनु,

ठरलं, झालं, आणि आता सांगतो.

तुझं पत्र आलं तेव्हापासून घरात दोनच गोष्टी चालल्या होत्या, द्यावे आणि देऊ नये. सकाळी मी द्यावे म्हणायचो, जेवताना देऊ नये. शेवटी तुझ्या मामीनं भाकरी थापता थापता विचारलं, "रोपवाटिकेले एकर कोनं सांगतला तुमाले?" मी म्हटलं, गुलाबराव एकर विकतो. ती म्हणाली, "तो इकते म्हून आपन घ्याचा? मले पंधरा गुंठे पुरतात." वीस वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं, अनु. मीच मनात एकर धरून बसलो होतो, कारण एकर म्हटलं की गावात शोभतं. मला फार लाज वाटली.

मग गुलाबरावाकडे गेलो. पंधरा गुंठे तोडून देतोस का म्हटलं. तो कुरकुरला. मी विहिरीचं विचारलं, पाणी उन्हाळ्यात टिकतं का? विकायला बसलेला माणूस, त्यानं गुण गायला पाहिजेत की नाही? पण सवय जाते का कुठं. म्हणाला, "पान्याचं काही खास नाही भाऊ." मी तिथल्या तिथं हातावर हात मारला. नंतर वाकून पाहिलं, तर पाणी काठापासून दोनच पुरुष खाली.

तीन हजार शेअर दिले, दीडशेनं. तेवढ्यात पंधरा गुंठे आणि विहिरीत वाटा आला. तीन हजार ठेवले. तू म्हणशील, जे दिले ते कमी किमतीत दिले. दिले. पण तुझ्या मामीनं वीस वर्षं वाट पाहिली, ती तुझ्या गणितात कुठं धरायची सांग? मी ती धरली आणि माझा हिशेब जुळला. पोत तिच्या गळ्यात आहे.

भाव काल एकशे सतरावर आला. हरिओमनं सगळे विकले होते. रस्त्यात गाठून म्हणाला, "काका, तुमी ठेवले म्हन्तात थोडेफार? काऊन ठेवले जी असे, डोकं गिकं फिरलं का?" मी म्हटलं, बाबाची आठवण म्हून ठेवले. तो हसला. बाबांनाही असेच हसले होते, म्हणून मला गंमतच वाटली.

मामा


पुणे,
८ फेब्रुवारी २०२६

मामा,

वर्षभर तुम्ही पत्रच लिहिलं नाही, मामीनं रेणुकामावशीच्या फोनवरून दोनदा खुशाली कळवली तेवढीच. म्हणजे तुम्ही रोपांत बुडालेले आहात. मेमध्ये कंपनीचा हिशेब आला तेव्हा मी एकटीच कॅन्टीनमध्ये पेढे वाटले, कुणाला कारण सांगितलं नाही. दोनशे अजून झाले नाहीत, पण चाललेत त्या वाटेनं.

मला खरं ते रोपांचं ऐकायचंय. पावसाळ्यात तयार जंबेरी आणून लावली, डिसेंबरात मामीनं त्यावर संत्र्याचे डोळे बांधले, इथवर माहीत आहे. पुढे? किती डोळे धरले, म्हणजे किती कलमं जगली? मामीला आनंद झाला का? सगळं लिहा.

अनु


संग्रामपूर,
१४ फेब्रुवारी २०२६

अनु,

आशीर्वाद. दार लावायची गरज नाही, यात लपवण्यासारखं काही नाही.

शेअरचा भाव म्हणशील तर काल एकशे चौऱ्याहत्तर होता. तो बिनधास्त लिहितो, तो साऱ्या जगाला दिसतो, त्याला कोणाची नजर लागत नाही. हरिओम आता रोज विचारतो, काका, किती ठेवले होते? मी म्हणतो, थोडेफार.

तुझी मामी सकाळी उजाडायच्या आत वावरात जाते आणि मी डबा घेऊन गेलो तरी वर पाहत नाही. परवा बांधावर एकटीच गाणं म्हणत होती. मला पाहून थांबली. मी म्हटलं, म्हण ना वं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गाते हे मला माहीत नव्हतं. मी डबा तिथंच ठेवला आणि विहिरीकडे जाऊन उभा राहिलो, डोळ्यांना पाणी आलं होतं.

रविवारी अकोटहून दोन जण रोपं पाहायला आले. येताना मोटारसायकलवर आले होते, जाताना म्हणाले, टेम्पो घेऊन येतो. जळगाव जामोदचा एक माणूस तर आगाऊ रक्कम ठेवूनच गेला. पाणी द्यायला आम्ही दोघं पुरत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रेरणाच्या नवऱ्याला सोबत घेतलं आहे. बांधाच्या पलीकडचे पंधरा गुंठे देतोस का, असं गुलाबरावाला सहज विचारून ठेवलं आहे.

बाकी डोळे किती धरले म्हणून तू विचारलंस. काय सांगू, यंदा काही खास नाही.

मामा